मोजपट्टी कोणाच्या मापाची?

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. एका संध्याकाळी सत्तरीचे एक गृहस्थ रक्तदाब तपासून घेण्यासाठी आले. सोबत त्यांच्या पत्नी होत्या. वय सदुसष्ट, मधुमेहाच्या गोळ्या दहा वर्षे चालू. काकांचा रक्तदाब मोजून झाला, गोळ्या लिहून झाल्या आणि उठता उठता काकू म्हणाल्या, "डॉक्टर, मलाही एखादी पित्ताची गोळी द्या. दोन दिवस झाले, जिना चढलं की दम लागतो, पाठीत भरून येतं आणि अन्नावरची वासनाच गेलीय." मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. घरात नातीचे लग्न नुकतेच पार पडले होते, त्याची दगदग झाली असेल असे मानले आणि पित्ताची गोळी लिहून दिली.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना धाप लागली म्हणून मुलाने जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता; तोही बहुधा त्या माझ्याकडे आल्या त्याच सुमारास. काकू वाचल्या. परंतु हृदयाच्या स्नायूचा जो भाग निकामी झाला तो परत आला नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. हीच तक्रार काकांनी केली असती तर मी काय केले असते? उत्तर मला ठाऊक आहे. मी त्यांना तेथेच झोपवून ईसीजी काढला असता. ईसीजीचे यंत्र त्यांच्या खुर्चीपासून चार पावलांवर होते.

चूक माझी होती आणि तिची जबाबदारीही माझीच. परंतु अशी चूक एकट्या माझ्याच हातून होते असे नाही. ती का होते याचा शोध घेताना लक्षात आले की आम्ही डॉक्टर मंडळी ज्या ज्ञानाच्या आधारे रोग ओळखतो आणि औषधांचे माप ठरवतो, त्यातील बराच भाग एकाच प्रकारच्या शरीराकडे पाहून तयार झाला आहे. मोजपट्टी एकाच्या मापाची आणि मोजायचे मात्र सर्वांना, असा हा प्रकार आहे. वयाची साठी ओलांडलेल्या वाचकांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना याची माहिती असणे मला फार आवश्यक वाटते.

वार्धक्याचा अभ्यास, पण अर्ध्याच वृद्धांचा

माणूस म्हातारा होतो म्हणजे शरीरात नेमके काय घडते, हे जाणण्यासाठी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९५८ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. निरोगी माणसांना दर काही वर्षांनी बोलावून त्यांचे हृदय, फुप्फुसे, स्नायू, स्मरणशक्ती असे सारे तपासायचे, अशी त्याची पद्धत. हा अभ्यास आजही चालू आहे आणि वार्धक्यशास्त्रात त्याला मोठा मान आहे. मात्र पहिली वीस वर्षे त्यात एकही स्त्री नव्हती. स्त्रियांचा समावेश १९७८ मध्ये झाला. १९८४ साली या अभ्यासाचे निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यातील माहिती पुरुषांचीच होती. ग्रंथाच्या नावात मात्र 'मानवी वार्धक्य' असे शब्द होते. स्त्रिया पुरुषांपेक्षा सरासरीने अधिक जगतात. म्हणजे म्हातारपणाचा मोठा वाटा ज्यांच्या पदरी येतो, त्याच त्या अभ्यासातून वगळल्या गेल्या होत्या.

यामागे कोणाचा दुष्टावा होता असे नाही. संशोधकांना वाटे की स्त्रीच्या शरीरात महिन्याच्या चक्रानुसार संप्रेरके बदलतात, त्यामुळे निष्कर्षांत गुंतागुंत होते; पुरुषांवर अभ्यास करणे सोपे. दुसरे कारण अधिक गंभीर होते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस थॅलिडोमाइड नावाचे औषध अनेक देशांत गर्भवतींना दिले गेले आणि हजारो बालके हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. त्या आघातानंतर सावधगिरी वाढणे स्वाभाविक होते. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवावे, असा सल्ला दिला. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की औषध बाजारात आल्यावर स्त्रिया ते घेतच राहिल्या. फक्त ते त्यांच्या शरीरात कसे वागते याची माहिती पुरेशी गोळा झाली नाही. १९९३ मध्ये हा सल्ला मागे घेण्यात आला. त्याच वर्षी अमेरिकेत सरकारी निधीवर चालणाऱ्या वैद्यकीय संशोधनात स्त्रियांचा समावेश कायद्याने बंधनकारक झाला.

ही सारी अमेरिकेची कथा आपण का ऐकावी, असे कोणी विचारील. कारण आपल्या गावातील औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बहुतेक आधुनिक औषधांची मात्रा अशाच चाचण्यांतून ठरलेली आहे.

अ‍ॅस्पिरिनचे धडे

हृदयविकार टाळण्यासाठी रोज छोटी अ‍ॅस्पिरिन घेणारे वृद्ध आपल्या घराघरांत आहेत. या सवयीला बळ मिळाले ते १९८०च्या दशकात अमेरिकेत झालेल्या एका चाचणीमुळे. २२,०७१ डॉक्टरांनी तीत भाग घेतला. सर्वच्या सर्व पुरुष. एक दिवसाआड अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष जगभर गेला आणि स्त्रियांनाही तोच लागू पडेल असे गृहीत धरले गेले.

पुढे सुमारे चाळीस हजार स्त्रियांवर स्वतंत्र चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. एकंदर स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यात लक्षणीय घट दिसली नाही. पक्षाघाताचे प्रमाण मात्र काहीसे कमी झाले. पासष्टीपुढील स्त्रियांना हृदयाच्या बाबतीतही लाभ दिसला, पण पोटातील रक्तस्रावाचा धोका सोबत होताच.

तिसरा धडा वृद्धांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ निरोगी वृद्धांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. त्यांतील बहुतेक सत्तरीपुढचे होते आणि निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. ज्यांना पूर्वी हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नाही, अशा या मंडळींना रोजच्या अ‍ॅस्पिरिनचा फायदा झाला नाही. रक्तस्राव मात्र वाढला.

यावरून कोणीही आपली गोळी आपण होऊन बंद करू नये. ज्यांना झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या रक्तवाहिनीत स्टेंट आहे किंवा ज्यांना रक्ताच्या गुठळीमुळे पक्षाघात झाला आहे, त्यांच्यासाठी अ‍ॅस्पिरिन वेगळ्या कारणाने दिलेली असते आणि ती थांबवणे धोक्याचे ठरते. परंतु 'शेजारचे काका घेतात म्हणून मीही घेते', हे कारण पुरेसे नाही. आपल्या डॉक्टरांना एकदा विचारावे: "ही गोळी मला नेमकी कशासाठी?"

झोपेची गोळी आणि रात्रीचे पडणे

झोलपिडेम हे झोपेचे औषध अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झाले. स्त्री-पुरुषांना मात्रा एकच, दहा मिलिग्रॅम. तब्बल वीस वर्षांनी, २०१३ च्या जानेवारीत, तेथील नियामक संस्थेने स्त्रियांसाठी सुचवलेली मात्रा निम्मी केली. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध अधिक सावकाश बाहेर पडते. रात्री गोळी घेतल्यावर सकाळीही रक्तात ते इतके शिल्लक राहत असे की वाहन चालवणे काही जणींच्या बाबतीत धोक्याचे ठरावे.

आपल्या सत्तरीच्या आई पहाटे मोटार चालवत नसतील. परंतु त्या पहाटे लघवीसाठी उठतात. अंधारात, ओल्या न्हाणीघरात, औषधाच्या अमलाखाली तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. माझ्याकडे येणाऱ्या खुब्याच्या अस्थिभंगाच्या कहाण्यांत रात्रीची गोळी वारंवार डोकावते. वृद्ध पुरुषांनाही या औषधाची मात्रा कमीच ठेवावी लागते. म्हणून आजोबांच्या पाकिटातील गोळी आजीला देणे, किंवा आजीची आजोबांना देणे, हा घरगुती व्यवहार बंद झाला पाहिजे. जी मंडळी अनेक महिने अशी गोळी घेत आहेत त्यांनी ती एकदम सोडू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

एकच आकडा, दोन अर्थ

रक्ततपासणीच्या कागदावर क्रिएटिनिन नावाचा आकडा असतो. मूत्रपिंडे रक्त किती स्वच्छ करीत आहेत याचा त्यावरून अंदाज येतो. कागदावर तो 'नॉर्मल' मर्यादेत दिसला की आपण निश्चिंत होतो. परंतु क्रिएटिनिन तयार होते स्नायूंपासून. ज्यांच्या अंगावर मुळातच मांस कमी, त्यांच्या रक्तात ते कमीच असते. मूत्रपिंडे थकलेली असली तरीही.

हा अंदाज बांधण्यासाठी वय, वजन आणि क्रिएटिनिन यांवर आधारलेले एक सूत्र १९७६ पासून डॉक्टर वापरीत आले आहेत. ते २४९ रुग्णांवरून तयार झाले आणि त्यांतील ९६ टक्के पुरुष होते. स्त्रियांसाठी 'उत्तराला ०.८५ ने गुणावे' असे जोडण्यात आले. आता स्त्री-पुरुष दोघांच्या मोठ्या माहितीवर आधारलेली नवी सूत्रे आली आहेत. तरीही जुन्या सूत्राने एक उदाहरण करून पाहू. वय पंचाहत्तर, क्रिएटिनिन दोघांचेही १.१. सत्तर किलो वजनाच्या आजोबांची मूत्रपिंडे मिनिटाला सुमारे ५७ मिलिलिटर रक्त गाळतात असे उत्तर येते. पंचेचाळीस किलोच्या आजींच्या बाबतीत तेच उत्तर येते सुमारे ३१. आकडा एकच, कागदावर दोघेही जवळपास 'नॉर्मल'. प्रत्यक्षात आजींच्या मूत्रपिंडांचे काम आजोबांच्या निम्म्याच्या आसपास.

याचा संबंध मधुमेहाच्या काही गोळ्यांशी, काही प्रतिजैविकांशी आणि गुडघेदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामकांशी आहे. म्हणून कृश आणि वयस्क व्यक्तीचा अहवाल पाहताना, विशेषतः स्त्रीचा, केवळ क्रिएटिनिनवर थांबू नये. 'ईजीएफआर किती आहे?' असे डॉक्टरांना विचारावे आणि वजन आवर्जून सांगावे.

काकूंच्या हृदयाकडे पुन्हा

बर्नाडीन हिली या हृदयरोगतज्ज्ञ अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक. १९९१ मध्ये त्यांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात संपादकीय लिहिले आणि या प्रश्नाला नाव दिले: 'येंटल सिंड्रोम'. आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांच्या एका कथेत येंटल नावाची मुलगी धर्मग्रंथांचे शिक्षण मिळावे म्हणून पुरुषाचा वेश घेते. हिली यांचे म्हणणे असे की स्त्रीला आपला हृदयविकार पुरुषासारखाच आहे हे आधी सिद्ध करावे लागते. त्यानंतरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्त्रियांना झटका आला तरी छातीत दुखत नाही, असे अलीकडे पुष्कळ ठिकाणी छापून येते. ते खरे नाही. छातीत दुखणे, दडपण येणे, आवळल्यासारखे होणे हे स्त्री आणि पुरुष दोघांतही सर्वांत नेहमीचे लक्षण आहे. फरक एवढाच की स्त्रियांत त्याच्या जोडीला पाठ, मान किंवा जबडा दुखणे, मळमळ, धाप, घाम, विलक्षण थकवा ही लक्षणे अधिक वेळा असतात. वृद्धांत आणि मधुमेहींमध्ये, मग ती स्त्री असो वा पुरुष, छातीतील वेदना अगदी पुसट असू शकते किंवा नसतेही. स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरीने काही वर्षे उशिरा येतो. त्यामुळे तोवर मधुमेह, रक्तदाब अशी इतर दुखणी जमा झालेली असतात आणि नव्या तक्रारीचे खापर त्यांच्यावर फुटते.

आपल्याकडे आणखी एक पदर आहे. काकूंना मी नंतर विचारले, "छातीत दुखत नव्हतं का?" त्या म्हणाल्या, "तसं दुखणं नव्हे हो, जरा जड वाटत होतं. पण यांची तपासणी चालली होती, मध्ये कुठं बोलायचं?" आयुष्यभर घरच्यांचे दुखणे काढलेल्या स्त्रीला स्वतःचे दुखणे सांगण्याची सवय नसते. ती 'जरा', 'काही नाही', 'होईल कमी' असे शब्द वापरते. ऐकणाऱ्याने त्या शब्दांवर विसंबून राहू नये.

पुरुषांवरही अन्याय

मोजपट्टी चुकते ती प्रत्येक वेळी स्त्रियांच्याच बाबतीत असे नाही. हाडांचा ठिसूळपणा, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस, हा बायकांचा आजार असे आपण धरून चालतो. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या विकाराची व्याख्या केली ती मुख्यतः रजोनिवृत्तीनंतरच्या गोऱ्या स्त्रियांच्या मोजमापांवरून. त्यामुळे आजोबा न्हाणीघरात पडून मनगट मोडून घेतात, प्लास्टर निघते आणि हाडांच्या घनतेची तपासणी कोणाला सुचतच नाही. खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण स्त्रियांत अधिक असले, तरी त्यानंतरच्या वर्षभरात मृत्यू पावण्याचा धोका पुरुषांत अधिक असतो. उभ्याउभ्या पडून हाड मोडले, उंची कमी झाली किंवा दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या, तर पुरुषांचीही हाडे तपासावीत.

मनाच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. नैराश्याचे निदान स्त्रियांत पुरुषांच्या जवळपास दीड ते दोनपट होते. दुसरीकडे, आपल्या देशात आत्महत्येने मृत्यू पावणाऱ्या दर दहांपैकी सुमारे सात पुरुष असतात. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की शंका येते: पुरुषांचे नैराश्य आपल्या नजरेतून निसटते तर नाही?

२०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने विचार करायला लावणारा आहे. नैराश्याच्या नेहमीच्या लक्षणांबरोबर चिडचिड, रागाचे झटके, दारू आणि बेदरकार वागणे यांचीही नोंद संशोधकांनी घेतली. तसे केल्यावर स्त्री-पुरुषांतील फरक जवळपास नाहीसा झाला. दुःख दोघांकडेही होते; रडणे मोजणाऱ्या मोजपट्टीला संताप दिसत नव्हता.

आमच्या तालुक्यात माजी सैनिक पुष्कळ. त्यांपैकी एक आप्पा पत्नी गेल्यानंतर सुनेवर ओरडू लागले, जेवणाचे ताट सारू लागले, पहाटे तीनला उठून अंगणात फेऱ्या मारू लागले. घरच्यांनी मला सांगितले, "वयामुळं स्वभाव तिरसट झालाय." आप्पांना 'उदास वाटते का?' असे विचारले असते तर 'छे!' हेच उत्तर आले असते. मी विचारले, "आप्पा, शेवटचं मनापासून हसलात ते कधी?" ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "ही होती तेव्हा." उपचार सुरू झाले. तीन महिन्यांनी ते नातवाला शाळेत सोडू लागले. उतारवयात अचानक तिरसट झालेला स्वभाव हे एक लक्षण आहे. त्याला म्हातारपणाचा हट्ट म्हणून सोडून देऊ नये.

स्मृतीची परीक्षा, शाळेचे गणित

भारतातील साठ वर्षांपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख व्यक्ती, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासात मांडला गेला. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आढळले. आयुर्मान हे त्याचे एक कारण मानले जाते. पण ते एकमेव नाही. शिक्षणाची संधी न मिळणे हादेखील स्मृतिभ्रंशाचा मान्य झालेला धोका आहे, आणि आपल्या देशात त्या पिढीतील किती मुलींना शाळेचे तोंड पाहायला मिळाले हे आपण जाणतोच.

परीक्षेचीच पद्धत चुकीची असू शकते, हेही ध्यानात घ्यावे. शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा, आकृती काढा, असे प्रश्न शाळेत न गेलेल्या आजींना विचारले तर त्या नापास होणारच. हरियाणातील बल्लभगढ भागात काम करणाऱ्या संशोधकांनी हे ओळखून १९९५ मध्ये निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीत निराळी चाचणी तयार केली. आपल्या घरी याचा सोपा अर्थ असा: आजीला आजचा इंग्रजी तारीख-महिना सांगता आला नाही म्हणून घाबरू नये. मात्र ज्या बाई चाळीस वर्षे पुरणाचे प्रमाण डोळे झाकून साधत होत्या त्यांचे पुरण सलग दोन-तीनदा बिघडले, तिथीचा हिशेब चुकू लागला, दूधवाल्याला पैसे दोनदा दिले गेले, तर ते गंभीरपणे घ्यावे. प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्या कालच्या दिवसाशी करावी.

सरासरी म्हणजे माणूस नव्हे

इतके सांगितल्यावर दुसऱ्या टोकाचा धोका सांगणे माझे कर्तव्य आहे. स्त्री-पुरुषांतील फरकांची चर्चा सुरू झाली की 'बायका भावनाप्रधान, पुरुष तर्कनिष्ठ' अशा सुट्या शेऱ्यांना शास्त्राचा मुलामा मिळतो. जॅनेट हाइड या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी २००५ मध्ये अशा फरकांवरील ४६ संशोधन-संकलनांचा एकत्र आढावा घेतला. बुद्धी, स्वभाव, संभाषण, आत्मविश्वास अशा अनेक बाबतींत तपासलेल्या फरकांपैकी सुमारे ७८ टक्के फरक अत्यल्प किंवा शून्यवत निघाले. मनाच्या प्रांतात स्त्री-पुरुष जितके वेगळे समजले जातात त्याहून पुष्कळ सारखे आहेत.

मग फरक मानायचा की नाही? जेथे मोजून सिद्ध झाला आहे तेथे मानायचा आणि त्यानुसार मात्रा, तपासणी, प्रश्न बदलायचे. जेथे सिद्ध झालेला नाही तेथे समजुतीच्या जोरावर तो लादायचा नाही. काकूंच्या बाबतीत माझी चूक दुहेरी होती. त्यांच्या लक्षणांची धाटणी थोडी निराळी असू शकते हे मी विसरलो. आणि 'बायकांना लग्नघरात दगदग होते, पित्त होते' ही न तपासलेली समजूत मी निदानाच्या जागी ठेवली.

घरी काय करावे?

काळजी घेणाऱ्या मुला-सुनांनी, लेकी-जावयांनी आणि स्वतः ज्येष्ठांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. चालताना किंवा जिना चढताना नव्याने दम लागणे. छाती, पाठ, जबडा किंवा हात भरून येणे. कारण नसताना घाम आणि मळमळ होणे, यांपैकी काहीही झाले तर पित्त समजून थांबू नये. त्याच दिवशी ईसीजी काढून घ्यावा. त्रास बसल्या जागी होत असेल आणि थांबत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पहिला ईसीजी निर्दोष आला तरी त्रास चालू असल्यास डॉक्टर पुन्हा ईसीजी आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी सांगतात. तिला नकार देऊ नये.

२. दोघे मिळून दवाखान्यात गेलात तरी प्रत्येकाची तपासणी स्वतंत्र व्हावी. 'जाता जाता' सांगितलेली तक्रार जाता जाताच ऐकली जाते.

३. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी वय आणि वजनासह एका कागदावर लिहून ठेवावी. वर्षातून एकदा ती डॉक्टरांसमोर ठेवून प्रत्येक गोळीचे कारण आणि मात्रा विचारावी. एकाची गोळी दुसऱ्याने घेऊ नये.

४. वडील, आजोबा किंवा सासरे अलीकडे चिडखोर, अबोल किंवा बेफिकीर झाले असतील, तर भांडण्यापूर्वी डॉक्टरांकडे न्यावे. 'जगण्यात अर्थ नाही' असे शब्द कोणाच्याही तोंडी आले तर ते थट्टेवारी नेऊ नयेत. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

५. 'माझ्या वयाच्या बाईला किंवा पुरुषाला हे औषध याच मात्रेत देतात का?' हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यास संकोचू नये. तो अविश्वासाचा प्रश्न नाही. मला कोणी विचारला तर मी पुस्तक उघडून पाहतो, आणि कधीकधी त्यामुळे मात्रा बदलतो.

काकू आजही दर महिन्याला येतात. दोन जिने चढणे आता त्यांना जमत नाही, म्हणून मुलाने त्यांची खोली तळमजल्यावर हलवली आहे. सोबत काका असतातच. पूर्वी मी काकांपासून सुरुवात करीत असे. आता आधी काकूंना बसवतो, त्यांच्या तक्रारी विचारतो आणि त्या "काही नाही हो, सगळं ठीक आहे" म्हणाल्या की आणखी एकदा विचारतो. दुसऱ्या वेळी त्या पुष्कळदा काहीतरी सांगतात.